खुमकर मास्तरांचा गुरुवार

अकोल्याला जठारपेठेत आमचं घर होतं, तेव्हाची गोष्ट. दर गुरुवारी सकाळी साडेदहाला फाटकाची कडी वाजायची आणि माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "अहो, तुमचे इन्स्पेक्टर आले!" मग एक उंच, वाळकुडे गृहस्थ चपला बाहेर काढायचे, दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे ढुंकूनही न बघता बैठकीत शिरायचे आणि समोरच्या भिंतीवरच्या माझ्या वडिलांना विचारायचे, "काय म्हनता वकीलसाहेब? बरं हाय ना?"

वडील काही म्हणायचे नाहीत. त्यांना जाऊन तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. भिंतीवर होतं ते त्यांचं चित्र, आणि ते काढलं होतं याच गृहस्थांनी. कुशल विचारून झालं की ते खांद्यावरच्या कापडी पिशवीतून गवंड्याकडे असते तशी पाणसळ काढायचे, फ्रेमवर ठेवायचे, एक डोळा मिटून तिच्यातला बुडबुडा बघायचे आणि निकाल द्यायचे, "अर्धा सूत खचलं. डावीकडून." मग खिळा हलवून बघायचा, फडक्याने काच पुसायची, फ्रेमच्या मागे बोट घालून ओल लागते का ते चाचपायचं, आणि तेच बोट नाकापाशी नेऊन वास घ्यायचा. या सगळ्याला पंधरा मिनिटं लागायची. त्यानंतर ते खुर्चीत बसून म्हणायचे, "सूनबाई, दूध असन त चहा ठेवा. नसन त बिनदुधाचा ठेवा." हा चहा पावणेदोन तास चालायचा.

हे बाबाराव खुमकर. तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडचे. घरी काळी कसदार जमीन, थोरला भाऊ पक्का शेतकरी, आणि यांना लहानपणापासून बैल हाकण्यापेक्षा बैल काढण्यात रस. एकदा यांनी भावाला घरच्या गाईचं मोठं चित्र रंगवून दिलं. भावाने ते नीट पाहिलं आणि विचारलं, "दूध किती देते?" पुढे ते चित्र गोठ्यात लागलं. खऱ्या गाईला दृष्ट लागू नये म्हणून ही पुढे उभी. मास्तर मात्र अभिमानाने सांगायचे की त्यांचं पहिलं प्रदर्शन गोठ्यात झालं आणि प्रेक्षकांनी शांतपणे रवंथ केला.

पुढे अकोल्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. मी सातवीत असताना त्यांनी टेबलावर एक वांगं ठेवलं आणि काढा म्हणाले. माझं वांगं त्यांनी उभं धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं. "तुया बाप वकील हाय ना?" मी हो म्हटलं. "मंग काही चिंता नाई. वकीलच हो." मी वकील झालो. माझ्या पोटापाण्याचा निकाल असा एका वांग्यावर लागला. तेव्हापासून माझे वडील त्यांचे 'वकीलसाहेब' आणि मी 'लहाने वकील'. माझे सगळे केस पिकले तरी मी लहानाच राहिलो.

रंगीत चित्रं ते काढायचे, पण जीव होता तो छाप्यात. लिनो म्हणून जाड रबरासारखा पत्रा मिळतो. त्याच्यावर चित्र कोरायचं, शाईचा रूळ फिरवायचा, वर कागद ठेवायचा आणि यंत्रातून दाबून काढायचा. आता असलं यंत्र अकोल्यात कुठून मिळणार? मास्तरांनी बसस्टँडजवळच्या एका बंद पडलेल्या रसवंतीतला उसाचा चरखा उचलून आणला. लेथवाल्याकडून त्याचे रूळ घासून गुळगुळीत करून घेतले, मध्ये लोखंडी पाटी सरकवली, वर घोंगडीचा तुकडा टाकला, झालं यंत्र. फक्त चाकाचे घुंगरू काढले नाहीत. म्हणायचे, "मुकं यंत्र मले नाई आवडत." त्यामुळे मास्तर छापायला लागले की गल्लीभर घुंगरू वाजायचे आणि भर उन्हाळ्यात नवखी माणसं तांब्या घेऊन त्यांच्या दारात उभी राहायची. मास्तर त्यांना आत बोलवायचे, बसवायचे आणि चित्रं दाखवायचे. उसाचा रस प्यायला आलेला माणूस बकऱ्यांचे सात छापे बघून, माठातलं पाणी पिऊन परत जायचा.

या उद्योगात त्यांच्या बोटांची शाई कधी निघाली नाही. रॉकेल झालं, राख झाली, लिंबू झालं, शाई जिथल्या तिथे. एका निवडणुकीत मतदान केंद्रावरचा कर्मचारी त्यांचा हात बघून म्हणाला, "काका, तुमचं तर होऊन गेलेलं दिसते." मास्तरांनी दहाच्या दहा बोटं त्याच्यापुढे पसरली. "दहा येळा देल्लं काय मी? इतकं देल्लं असतं त आपला मानूस निवडून नसता आला?" मागे रांग खोळंबली. शेवटी रांगेतच असलेल्या माझ्या वडिलांनी पुढे होऊन सांगितलं की ही शाई सरकारी नसून खासगी आहे, तेव्हा कुठे मत पडलं. सरकारी शाई त्यांना लावली का, आणि लावली तर कुठे, हे नंतर कोणालाच शोधता आलं नाही.

लग्न झालं नाही. एकदा होत आलं होतं. मुलगी बघायला मूर्तिजापूरला गेले. पोहे आले, मुलगी आली, मान खाली घालून बसली. मास्तरांनी डोळे बारीक करून पाच मिनिटं तिच्याकडे पाहिलं, हात लांब करून अंगठा उभा धरला, एक डोळा मिटून तिच्या चेहऱ्याचं माप घेतलं आणि म्हणाले, "जरासं खिडकीकडं तोंड करा. नाई, इतकं नाई. पाऊण." मुलीच्या मामाने तो मिटलेला डोळा आणि उभा अंगठा पाहिला, आणि पुढची बोलणी अंगणात झाली. आपलं काय चुकलं हे मास्तरांना शेवटपर्यंत समजलं नाही. "उजेड लय चांगला होता, लहाने वकील," ते मला सांगत. "तसा उजेड मंग कुठी भेटला नाई." मुलीबद्दल मी कधी विचारलं नाही.

छाप्याच्या कामात एक गोची असते. पत्र्यावर जे कोराल ते कागदावर उलटं उमटतं. उजवा हात डावीकडे जातो. म्हणून आधीच सगळं उलटं कोरायचं असतं. "दुनिया उलटी कोरा लागते, तवा कुठी सुलटी छापते," हे मास्तर वर्गात आठवड्यातून दोनदा सांगायचे आणि स्वतः नेमकं विसरायचे. मूर्तिजापूरहून सुटणारी ती छोटी शकुंतला गाडी त्यांनी छापली होती. ही गाडी धावत होती तेव्हा इतकी हळू जायची की मास्तर खाली उतरून, चार रेघा मारून, पुन्हा तिच्यातच चढायचे असं ते स्वतः सांगत. झकास छापा. इंजिन, धूर, खिडकीतून बाहेर आलेली कोपरं, सगळं होतं. फक्त स्टेशनच्या पाटीवरचं नाव त्यांनी सरळ कोरलं होतं, त्यामुळे ते कागदावर उलटं आलं होतं. हे कळेपर्यंत सगळ्या प्रती वाटून झाल्या होत्या. मूर्तिजापूरच्या एका किराणा दुकानदाराने विचारलं, "मास्तर, हे कोनत्या मुलखातलं टेशन हाय?" मास्तर दुसऱ्या दिवशी एक आरसा घेऊन गेले आणि त्याच्या घरी चित्रासमोरच्या भिंतीवर ठोकून आले. म्हणाले, "आता वाच." त्या घरात पाहुण्याला अजूनही आधी चित्राकडे पाठ करून बसवतात आणि मग आरशातून गाडी दाखवतात.

माझ्या वडिलांच्या चित्रातही हेच झालं. बाबांच्या उजव्या गालावर मोठा मस होता. छाप्यात तो डाव्या गालावर गेला, भांगही फिरला. आईने चित्र पाहिलं आणि म्हणाली, "हा कोण बाई?" बाबांनी चष्मा लावला. बराच वेळ बघून म्हणाले, "हुबेहूब आहे. रोज दाढी करताना हाच माणूस दिसतो मला." आता झाली पंचाईत. आईने संसारभर पाहिला तो माणूस हा नव्हता, आणि बाबांनी जन्मभर पाहिला तो हाच होता. शेवटी चित्र बैठकीत लावायचं ठरलं, कारण तिथे आई फारशी बसत नसे. त्याची दुसरी प्रत निघाली नाही. ती छापण्याआधीच लिनो उंदराने कुरतडला.

चित्र देताना मास्तर म्हणाले, "वकीलसाहेब, मी देतो, पन सोडत नाई." बाबांचा जन्म भाडेपत्रं आणि खरेदीखतं लिहिण्यात गेलेला. त्यांना हे वाक्य भलतंच आवडलं. त्यांनी तिथल्या तिथे करारनामा सांगितला आणि मी टाइप केला. मथळ्यातच चित्राचा ताबा घेणाऱ्याचा, नजर देणाऱ्याची. मग खाली कलमं. चित्र स्वयंपाकघरात लावू नये. उन्हात लावू नये. शेजारी कॅलेंडर टांगू नये. चित्रास हार घालू नये. देणाऱ्यास वाटेल तेव्हा त्याने येऊन चित्राची तपासणी करावी. तपासणीच्या वेळी चहा ऐच्छिक. घर बदलायचं असल्यास तीस दिवस आधी लेखी सूचना द्यावी. मास्तरांनी त्यातला 'ऐच्छिक' शब्द खोडायला लावला आणि सही केली.

बाबांनी गंमत केली होती. मास्तरांनी मात्र ती राज्यघटना म्हणून स्वीकारली. कराराच्या प्रती काढल्या आणि ज्या ज्या घरात त्यांचं चित्र होतं तिथे जाऊन सह्या घेतल्या. अकोल्यात अशी एकोणीस घरं झाली. मग वेळापत्रक तयार झालं. सोमवारी स्टेशनकडची तीन, मंगळवारी डाबकी रोडची चार, असं करत करत गुरुवार आमच्या वाट्याला आला. पावसात छत्री, उन्हात डोक्याला उपरणं, पण मास्तर येणार म्हणजे येणार. आमच्याकडे लग्नाची घाई असो की कोणाला ताप असो, साडेदहाला बुडबुडा बघितला जायचाच.

एकदा मुंबईहून एक चित्रांचे जाणकार त्यांना शोधत आले. छाप्याच्या प्रत्येक प्रतीवर खाली पेन्सिलीने आकडा घालतात. नऊ प्रती काढल्या तर एक बटे नऊ, दोन बटे नऊ, असा क्रम. जाणकारांनी एका घरी मास्तरांचा बकरीचा छापा पाहिला, एक बटे नऊ. खूश झाले. दुसऱ्या घरी तीच बकरी, एक बटे नऊ. तिसऱ्या घरीही एक बटे नऊ. गृहस्थ हादरले. ही शुद्ध फसवणूक आहे, म्हणाले, असं जगात कुठेही करत नाहीत. मास्तर शांत. "सुरुवातीले मी बराबर आकडे टाकले होते. त हेडमास्तरले सात नंबर आला. महिनाभर बोलले नाईत माह्याशी. म्हने, शिपायाले दोन नंबर अन् मले सातवा? म्या पुसून टाकले सारे. अकोल्यात समदेच एक नंबर हायेत." जाणकार त्याच दिवशी परत गेले. मास्तरांचं नाव मुंबईत झालं असतं ते असं राहिलं, आणि हेडमास्तर पुन्हा बोलायला लागले.

बाबा गेले तेव्हा आईने त्यांच्या चित्राला चंदनाचा हार घातला. त्या गुरुवारी मास्तर आले. कुशल विचारलं, पाणसळ लावली, मग हार काढला, नीट घडी करून आईच्या हातात दिला. "वैनी, चौथं कलम."

"अहो, पण ते गेले ना!" आई म्हणाली.

"वकीलसाहेब गेले. चित्र कुठी गेलं?"

आई दोन दिवस धुमसत होती. नंतर तिने आपला मार्ग काढला. शुक्रवारी सकाळी हार घालायची आणि बुधवारी संध्याकाळी काढून ठेवायची. ती होती तोपर्यंत हे असंच चाललं. मास्तरांना हे माहीत असणार, कारण काचेवर चंदनाचे कण सापडायचे. ते नुसते पुसून टाकायचे.

सगळ्यात जास्त वैतागायची सुनंदा. तिचं माहेर पुण्याचं. "काहून सूनबाई, भिंतीले ओल येऊन राह्यली, डोये कुठी असतात तुमचे?" हे वाक्य म्हणजे आपुलकी आहे हे तिला पटायला दहा वर्षं लागली, आणि पटल्यावरही आवडलं नाहीच. "आपलं घर, आपली भिंत," ती म्हणायची, "आणि दर आठवड्याला आपणच परीक्षेला बसायचं!" मी तिला म्हणायचो की म्हातारा आपल्या मित्राचं तोंड बघायला येतो, बघू दे. मला खरोखरच तसं वाटत होतं.

मग आमचं अमरावतीला जायचं ठरलं. मुलगी तिथे डॉक्टर. तिने जवळच फ्लॅट बघून ठेवला आणि आम्ही दोघांनी तिच्याजवळ राहावं असा हट्ट धरला. जठारपेठेतलं घर विकायचं नक्की झालं. आता हे मास्तरांना सांगायचं कोणी? कोर्टात मी भल्याभल्यांपुढे उभा राहिलोय, पण हे तोंडाने सांगणं मला जमेना. शेवटी कराराप्रमाणे तीस दिवसांची लेखी सूचना टाइप केली आणि पाणसळ पिशवीत गेल्यावर त्यांच्या हातात ठेवली. मास्तरांनी ती दोनदा वाचली. घडी करून खिशात घातली. चहा आला तो तसाच ठेवून उठले आणि चपला घालून निघून गेले.

पुढच्या गुरुवारी फाटकाची कडी वाजली नाही. साडेदहा झाले, अकरा झाले. सुनंदा दोनदा बाहेर जाऊन बघून आली. "बरं नसेल का हो त्यांना?" तिने विचारलं. मीही तोच विचार करत होतो.

शनिवारी रजिस्टर पोस्टाने पाकीट आलं. मास्तरांची खोली आमच्या घरापासून तीन गल्ल्यांवर, आणि पत्र पोस्टाने. आत वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'आपली सूचना मिळाली. सदर चित्र अकोला मुक्कामी दिले असून ते अमरावतीस नेण्यास माझी सक्त हरकत आहे. अमरावतीची हवा छाप्यास मानवत नाही.' खाली सही, आणि सहीवर अंगठ्याचा शाईचा ठसा. तो मुद्दाम उमटवला नव्हता, आपोआप उमटला होता.

"देऊन टाका त्यांना त्यांचं चित्र," सुनंदा म्हणाली. "या वयात त्यांनी बघायला कुठे जावं?"

मला ते पटलं. मी बाबांना भिंतीवरून उतरवलं, आईच्या जुन्या गोधडीत गुंडाळलं आणि मास्तरांच्या खोलीवर गेलो. इतक्या वर्षांत मी तिथे दोनदा-तीनदाच गेलो असेन, तेही दारापर्यंत. आत गेलो आणि जरा चमकलोच. चरखा होता, शाईचे डबे होते, दोरीवर वाळत घातलेले कागद होते. पण भिंती उघड्या. एवढी चित्रं काढलेल्या माणसाच्या घरात भिंतीवर एका खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, बस्. खुर्ची एकच, तिच्यावरही कागदांची चळत. ती उचलून त्यांनी मला बसायला दिलं आणि स्वतः चरख्याला टेकून उभे राहिले.

"मास्तर," मी म्हटलं, "हे आता तुमच्याकडे ठेवा. मी नेत नाही."

त्यांनी गोधडीकडे पाहिलं आणि चेहरा कडवट केला. "देल्लेली वस्तू वापस घेत नसतो मी."

"पण तुम्ही बाबांना बघायला येता ना? मग इथे रोज दिसतील."

"वकीलसाहेबाचं तोंड मले पाठ हाय," ते एकदम चिडून म्हणाले. "उद्या डोये गेले तरी कोरून दाखवीन. अन् या बारीनं मस बी बराबर बाजूले काढीन!"

"मग अडचण काय आहे?"

मास्तरांनी फडकं घेतलं आणि अंगठा पुसायला लागले. तो अंगठा पुसून स्वच्छ होणारा नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "चित्र अठी आनून ठेवलं, त मंग गुरुवारी मी जाऊ कुठी?"

फडकं अंगठ्यावर फिरतच होतं.

"असंच कोनाच्या घरी कसं जा, लहाने वकील? 'काहून आले?' म्हनून पुसलं त काय सांगा? लोकाइले जमते तसं. मले नाई जमत बाप्पा. मले काही काम लागते हातात."

एकोणीस घरं माझ्या डोळ्यांपुढून गेली. सोमवारची तीन, मंगळवारची चार. एवढ्या घरांत जायची सोय या माणसाने हाताने कोरून, छापून करून ठेवली होती, आणि आम्ही सगळे म्हाताऱ्याला खिळ्याचं वेड लागलंय म्हणून हसत होतो. मला स्वतःची लाज वाटली. रडू येईल असंही वाटलं, म्हणून मी वकिली सुरू केली.

"मास्तर, करारात अकोला कुठे लिहिलंय? गावाचं नावच नाही. उलट पाचवं कलम म्हणतं की तपासणी देणाऱ्याने करावी. चित्र अमरावतीला गेलं तर तपासणीला अमरावतीला येणं तुमच्यावर बंधनकारक आहे. नाही आलात तर करारभंग होतो."

मास्तरांचं फडकं थांबलं. "असं लेखी हाय काय?"

"लेखी आहे. तुमची सही आहे खाली."

"वकीलसाहेब बारीक लिहीत होते," ते म्हणाले. "मंग काय, इलाज नाई. गाडी किती वाजता असते?"

आम्ही अमरावतीला आलो त्याच्या दुसऱ्या गुरुवारी मास्तर एसटीने आले. ऐंशीला टेकलेला माणूस, पण पिशवीत पाणसळ, हातोडी, आणि अमरावतीच्या भिंती कडक असतात असं कोणीतरी सांगितल्यामुळे सिमेंटचे खास खिळे. घर अजून लागलेलं नव्हतं. जिकडे तिकडे खोकी. आल्या आल्या एसटीत खिडकी कशी मिळाली ते सांगितलं. मूर्तिजापूरला एक जुना विद्यार्थी भेटला, तो आता आजोबा झालाय, हे सांगितलं. सुनंदाने वांग्याचं भरीत आणि भाकरी केली होती. मास्तर दोन भाकरी जेवले. फ्लॅटच्या नळाला पाणी किती वेळ असतं याची चौकशी केली, मुलीच्या दवाखान्यात किती पायऱ्या आहेत ते विचारलं, खुर्चीत बसल्या बसल्या अर्धा तास झोपले, उठून पुन्हा बोलायला लागले. साडेतीनला उठून त्यांनी एक चप्पल पायात घातली.

"मास्तर," सुनंदा म्हणाली, "चित्र तर बघायचंच राहिलं. अजून पलंगाखालीच आहे गोधडीत."

मास्तर एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन तसेच उभे राहिले. कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला. "हाव ना बाप्पा," ते पुटपुटले. "साफ इसरलो मी."

"काढू का आता?"

"गाडी चुकन." ते खाली बघत होते. "पुढच्या गुरुवारी याच लागन मंग."

"याच," सुनंदा म्हणाली. "जेवायलाच या. चित्र लावलेलं असो की नसो."

मास्तरांनी मान वर केली. आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तसं चालते काय, सूनबाई?" त्यांनी विचारलं. अगदी खरंखुरं विचारलं.

"चालते," माझी पुण्याची बायको म्हणाली.

मास्तरांनी हातातली चप्पल खाली ठेवली, पायातलीही काढली आणि आत येऊन खुर्चीत बसले.

"मंग घोटभर चहा ठेवा," ते म्हणाले. "गाड्या काय, दर तासाले असतात."